शब्दचर्चा: ‘अष्टपाद’ म्हणजे कोण? आणि बागेतला ‘लाल कोळी’ कोळीच का?

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): मुलीच्या पुस्तकात अष्टपाद वर्गात कोळी, विंचू, गोचीड अशी नावं दिली आहेत. द्राक्षाच्या पानामागे येतो तो लाल कोळी यातलाच का? आणि ऑक्टोपसलाही अष्टपाद म्हणतात ना?

निफाड: लाल कोळी अष्टपादच, पण घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारा कोळी तो नाही. बागेत कोळी म्हटलं की आपण माइट (कोळ्याच्या गोतावळ्यातला अगदी बारीक जीव) समजतो, घरात म्हटलं की जाळंवाला. सगळा घोळ तिथे आहे.

नाशिकरोड: ऑक्टोपसला काही ठिकाणी अष्टपाद लिहितात खरं, पण तो मृदुकाय, म्हणजे गोगलगाय-शिंपल्यांच्या गोतावळ्यातला. त्याच्यासाठी ‘ऑक्टोपस’ हाच शब्द रुळला आहे, तो तसाच ठेवावा आणि ‘अष्टपाद’ या वर्गासाठी मोकळा सोडावा, असं माझं ठाम मत आहे.

अष्टपाद हे संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे प्राणी. पायांच्या चार जोड्या, पंख नाहीत, मिशा नाहीत. कीटकाला सहा पाय आणि मिशा असतात, म्हणून कोळी कीटक नाही. पायांखेरीज तोंडापाशी अवयवांच्या आणखी दोन जोड्या असतात. कोळ्याचे विषारी दात पहिल्या जोडीचे, विंचवाच्या नांग्या दुसऱ्या जोडीच्या. नांग्या धरून विंचवाचे पाय दहा मोजणारे खूप भेटतात, पण नांग्या पाय नव्हेत.

जाळं विणणाऱ्या कोळ्याला संस्कृतात ऊर्णनाभ म्हणतात, ज्याच्या नाभीतून लोकर निघते तो. धागा प्रत्यक्षात पोटाच्या मागच्या टोकाला असलेल्या ग्रंथींतून येतो, तरी नाव ठेवणाऱ्यानं निरखून पाहिलं होतं एवढं नक्की. जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी 2022 मध्ये 50,000 चा आकडा ओलांडला.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हणही निरीक्षणातूनच आली असावी. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते आणि ती काही दिवस आईच्या पाठीवरच राहतात. मोठ्या विंचवाला आपण इंगळी म्हणतो आणि तिलाच जास्त घाबरतो. जिवाला धोका मात्र लहानशा लाल विंचवाचा अधिक. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलं आणि कितीतरी जीव वाचले. विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

गोचीडही अष्टपाद. अंड्यातून निघालेल्या गोचिडीला मात्र सहाच पाय असतात, चौथी जोडी कात टाकल्यावर येते. पिसू आणि ऊ दोन्ही कीटक. खरूज होते तीही कातडीत बिळं करणाऱ्या एका सूक्ष्म अष्टपादामुळे. आणि पहिल्या पावसानंतर बांधावर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा? त्याचे पाय मोजा, आठ भरतील. तो माइटच, म्हणजे तुमच्या लाल कोळ्याचा लांबचा भाऊबंद.

दिंडोरी: मग माइटला कोळी म्हणणंच सोडून द्यावं का?

नाशिकरोड: नको. ‘लाल कोळी’ शेतकऱ्याच्या तोंडात पक्का बसला आहे, आणि हा प्राणी पानामागे बारीक जाळी करतो, तेव्हा नाव निराधारही नाही. फक्त लिहिताना ‘लाल कोळी (माइट)’ लिहावं, कारण नुसत्या ‘कोळी’मुळे बागेतले जाळंवाले कोळीही मारायचे असा समज होतो. ते तुडतुडे, पतंग खातात. त्यांना जपा.

दुकानातही शब्द नेमका वापरा. कीड म्हणजे पिकाचा कुठलाही उपद्रवी जीव, कीटक म्हणजे सहा पायांचाच. त्यामुळे बरीच कीटकनाशकं लाल कोळ्यावर चालत नाहीत, कोळीनाशक मागावं लागतं. उलट पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली तर लाल कोळ्याला खाणारे मित्रकोळी मरतात आणि हा आणखी फोफावतो. घड तयार होताना ऊन आणि कोरडी हवा त्याला मानवते, तेव्हा पान तांबूस दिसायची वाट पाहू नका. पान उलटून भिंगानं बघा. पाठीवर दोन काळपट ठिपके असलेले, टाचणीच्या टोकाएवढे जीव दिसले तर तोच.