मदत हवी आहे: खऱ्या नाण्यांवरून खेळातलं चलन बेततोय, तांब्यापाशी अडलोय

नमस्कार मंडळी,

वर्षभर आमचा पाच जणांचा गट एक फँटसी रोलप्लेइंग गेम (प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन गोष्ट पुढे न्यायचा खेळ) खेळतोय, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी आहे. मागच्या बैठकीत पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, ड्रॅगनच्या गुहेत ४,००० सोन्याची नाणी सापडली. आमच्या नियमावलीप्रमाणे ५० नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एक नाणं ९ ग्रॅमचं आणि सगळा ढीग ३६ किलोचा. कोणी किती उचलायचं यावर पाऊण तास घासाघीस झाली. मग एकीनं विचारलं, "पण हे नाणं दिसतं केवढं?" मला सांगता येईना. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

आधी सोनं. रोमन ऑरियस सीझरच्या काळात ८ ग्रॅमचा होता, तेव्हा ९ ग्रॅम अगदीच हवेतलं नाही. पण मध्ययुगातलं व्यापाऱ्यांचं नाणं त्याहून कितीतरी हलकं: फ्लोरेन्सचा फ्लोरिन (१२५२) आणि व्हेनिसचा डुकाट (१२८४) दोन्ही साडेतीन ग्रॅमचे, व्यास २० मिमीच्या आसपास. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, त्यामुळे एवढ्या वजनात जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. मी पातळ पुठ्ठ्याची तेवढी चकती कापून तळहातावर ठेवली. फुंकर मारली तर उडाली, आणि खरा डुकाट असाच पातळ असायचा! या मापानं ४,००० नाणी १४ किलोची होतात आणि सव्वा लिटरच्या भांड्यात मावतात. मला हे फार आवडलं. खजिना एकट्यानं पाठीवर घेऊन पळता येतो, पिठाच्या डब्यात लपवता येतो. गोष्टीला त्यातूनच फाटे फुटतात.

चांदीही जमली. मध्ययुगीन युरोपात सोन्याचा भाव चांदीच्या साधारण १० ते १२ पट असायचा. आमच्याकडे १ सोन्याचं = १० चांदीची. चांदीचं नाणं ४ ग्रॅमचं धरलं तर ४० ग्रॅम चांदीला साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे साडेअकरा पट. शिवाय ४ ग्रॅम म्हणजे जवळजवळ रोमन दिनारियसच. हे मी ठरवूनच टाकलंय.

घोडं अडलंय ते तांब्यापाशी. नियमावलीत १ चांदीचं = १० तांब्याची, आणि सगळी नाणी एकाच वजनाची. म्हणजे चांदी तांब्याच्या फक्त दहापट महाग! अकबराच्या काळात ४० दामांचा रुपया होता. दाम सुमारे २१ ग्रॅम तांब्याचा, रुपया साडेअकरा ग्रॅम चांदीचा. गुणाकार केलात तर चांदी सत्तर पटींहून महाग निघते. तो भाव लावला तर माझं तांब्याचं नाणं २९ ग्रॅमचं होतं: ३५ मिमी व्यास, जाडी तीन मिलिमीटरच्या वर. एका सोन्याच्या नाण्याची मोड घेतली तर जवळपास तीन किलो तांबं गळ्यात. हे अशक्य नाही म्हणा, स्वीडननं १६४४ मध्ये दहा दालरचा तांब्याचा पत्रा काढला तो १९.७ किलोचा होता. पण सरायीत सूप पिऊन असं नाणं कोण मोजून देणार?

मला दिसणारे मार्ग असे. एक, दाम-रुपयासारखं ४० तांब्यांचं एक चांदीचं करायचं, नाणं सात ग्रॅमवर येतं; पण खेळाडूंना दर वेळी चाळीसनं भागावं लागेल, आणि आमच्यातले दोघं आकडेमोडीला कंटाळतात. दोन, राजाच्या शिक्क्यावर चालणारं हलकं नाणं, धातूच्या किमतीहून जास्त दर्शनी किमतीचं. मग खोटी नाणी पाडणारे आले, सीमेपलीकडे ते कोणी घेणार नाही, कथेला खाद्य भरपूर. तीन, तांब्यात एक तृतीयांश चांदी मिसळून सव्वा ग्रॅमचं भेसळीचं नाणं. हिशोब दहाचाच राहतो, नाणं बोटाच्या चिमटीत मावतं, मध्ययुगात अशी नाणी सर्रास होती. माझा कल तिसऱ्याकडे आहे.

तुमच्यापैकी कोणी कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकी चालणाऱ्या खेळात) भेसळीची नाणी वापरली आहेत का? कस कमी-जास्त झाला तर खेळाडूंना तो कळायचा कसा: तराजू, कसोटीचा दगड, की सरळ फासे टाकून? आणि राजानं मध्येच चांदी कमी केली तर जुन्या-नव्या नाण्यांचा हिशोब तुम्ही वहीत वेगळा ठेवता का? पुढच्या बैठकीत पार्टी खजिना घेऊन सराफाकडे जाणार आहे, त्याआधी हे पक्कं करायचंय.