रूम पार्टनर गावचाच हवा कशाला?

अनगोळचा भाडेकरू
बेळगावात अनगोळला आम्हा दोघांना दोन बेडरूमचं घर मिळालंय, तिसरा हवाय. एक जण आमच्या खानापूर तालुक्यातला, घरच्यांच्या ओळखीचा. दुसरा बागलकोटचा, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, मराठी मोडकंतोडकं. घरी सगळे म्हणतात गावचा घे. माझं मत बागलकोटच्याला. गावच्यानं भाडं थकवलं तर मागायचं कसं? त्याचा बाप बाजारात आमच्या बाबांना गाठून सांगणार, "तुमचा पोरगा पैशासाठी तोंड फिरवतो." परक्याला एक तारखेला सरळ मेसेज टाकता येतो. शिवाय झोपायची वेळ, शिफ्ट, पाहुणे, सगळं विचारलं तर बागलकोटच्यानं नीट सांगितलं. गावचा हसला आणि म्हणाला, "असू दे की रे, आपण काय परके हाय काय?" मला धोका तिथंच दिसला.

निपाणीकर
अजिबात पटलं नाही. बागलकोटचा उद्या नोकरी सोडून गेला तर त्याच्या वाटणीचं भाडं कुणाकडं मागणार? मालक तुम्हा दोघांनाच धरणार. गावच्याचा बाप आहे की! तू ज्याला अडचण म्हणतोस तोच तुझा जामीन. आणि रात्री ताप चढला तर घरी फोन कोण करणार? ज्याच्याकडं तुझ्या घरचा नंबर आहे तोच.

सेकंड शिफ्ट
आमच्या रूमवर गावावरनं भांडण कधी झालं नाही. झालं ते लाइटबिलावरनं. २०२३ पासून कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना आहे, भाडेकरूलाही मिळते. मीटरच्या आधीच्या सरासरीवर थोडी वाढ धरून तेवढे युनिट फुकट, तेही २०० च्या आतच. २०० ओलांडले की सगळंच बिल अंगावर. आता हिशेब करा. आंघोळीच्या पाण्याला दीड हजार वॅटची कॉइल अर्धा तास लावली की पाऊण युनिट जातं. तिघं, तीस दिवस, म्हणजे साडेसदुसष्ट युनिट नुसत्या आंघोळीत. वर एखादा इंडक्शनवर रोज भात-आमटी करणारा मिळाला की गेलंच फुकट बिल. मी गाव विचारत नाही. गॅस आणणार काय, कॉइल लावणार काय, एवढंच विचारतो.

हिंदवाडीची
मुलींच्या रूमवर हिशेब आणखी वेगळा. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आली, बसप्रवास फुकट झाला, तेव्हापासून खानापूर-निपाणीकडच्या मुली शनिवारी दुपारीच बॅग उचलतात. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मुलीला तो फायदा नाही, योजना कर्नाटकातल्या महिलांसाठी. ती राहते रूमवर. मग रविवारी नळाला पाणी आलं की भरणार कोण? तीच. बेळगावात काही वॉर्डांत चोवीस तास पाणी, बाकीच्यांना काही दिवसांआड, आणि येतं तेही कधी पहाटे. सोमवारी परत आलेल्या दोघी भरलेल्या टाकीतनं निवांत आंघोळ करतात आणि वर म्हणतात, "आम्ही दोन दिवस नव्हतो, दुधाचे पैसे कमी धर." एकाच गावच्या दोघी असल्या की जातातही एकत्र, येतातही एकत्र, आणि प्रत्येक गोष्टीत मत दोनास एक. म्हणून निपाणीकर, गावचा जामीन तुमच्यासाठी ठीक असेल. तिसरीचा विचार करा.

शहापूरचे काका
मी खोल्या भाड्यानं देतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. मी एकाच गावची पोरं घेतो. एकाला बोललं की तिघांना पोचतं. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, एक जण मराठी लोकांच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला आणि दुसरा कन्नड राज्योत्सवाच्या मिरवणुकीला, रात्री दोघं एकाच खोलीत. कशाला ती कटकट?

सेकंड शिफ्ट
काका, रागावू नका, पण गाव विचारलं की पाठोपाठ आडनाव विचारलं जातं, आणि मग घर "आधीच दिलंय" असतं. हे आम्ही बघितलंय. आणि एक नोव्हेंबरचं म्हणाल तर आमच्याकडं त्या दिवशी कन्नड पार्टनर दुपारपर्यंत झोपतो आणि मराठी पार्टनर त्याच्याही नंतर उठतो. उरलेलं वर्षभर हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, कन्नड बिल आम्हाला तो कन्नड पार्टनरच वाचून दाखवतो.

शहापूरचे काका
आडनावाचं म्हणालास ते काही घरांत होतं, नाही म्हणत नाही. मी विचारत नाही. पण मटणाचं विचारतो. बुधवार-रविवारी एकाचा रस्सा आणि दुसऱ्याच्या नाकाला पंचा, हे महिनाभरसुद्धा टिकत नाही.

अनगोळचा भाडेकरू
बागलकोटचा खातो, तो प्रश्न नाही. निपाणीकरांचा पैशाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्यावर उपाय असा: अकरा महिन्यांच्या करारात तिघांचीही नावं घालायची, आणि आपसात वेगळं लिहायचं की सोडायचं तर एक महिना आधी सांगायचं, नाहीतर डिपॉझिटमधला आपला वाटा सोडायचा. बाप जामीन नको, कागद बस्स.

निपाणीकर
मग तोच कागद गावच्याशी कर की! डिपॉझिट एका महिन्याचं असेल तर त्यातला तिसरा हिस्सा सोडून जायला कुणाला जड जाणार आहे? परका तेवढं सोडून जाईल. गावचा जाणार नाही, कारण त्याला दिवाळीला गावात तोंड दाखवायचंय.

अनगोळचा भाडेकरू
केला होता फोन गावच्याला. कागद म्हटल्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "बाबांना विचारून सांगतो."

निपाणीकर
विचारू दे की. बागलकोटचा लगेच हो म्हणाला ना? कागद मराठीत लिहिलायस. त्यानं वाचला काय, ते विचार आधी.