लॅबचं वर्कस्टेशन घरून सांभाळायचंय. कुठे अडेल?

रेणूवेडी
पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये ६४ कोअरचा थ्रेडरिपर प्रो, २५६ जीबी रॅम आणि दोन आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्डं (जीपीयू) असलेलं मशीन आहे, वर उबुंटू २२.०४. ग्रोमॅक्सवर प्रोटीनची सिम्युलेशन्स चालतात. पुढचे काही महिने मी रत्नागिरीला घरी असेन आणि मशीन माझ्याच गळ्यात आहे. सर म्हणतात, "लांबून लॉगिन करायला एसएसएच आहे ना, मग काय अडतंय?"

अडलंय ना. मागे ड्रायव्हर बदलून रीबूट केलं. मशीन परत आलं, पण दोन्ही जीपीयू गायब. दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, परत आली, मशीन मात्र बंदच. शिपाईकाकांनी लॅब उघडून बटण दाबलं तेव्हा काम सुरू झालं. टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवायला), टेलस्केल (बाहेरून मशीनपर्यंत पोचायला) सगळं लावलंय. वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पॅकेट पाठवून मशीन उठवायची सोय, चालू केली तर भागेल का?

घाटमाथा
स्मार्ट प्लग लाव. फोनवरून बंद-चालू. मी घरच्या मशीनला तेच केलंय, विषय संपला.

रात्रपाळी
घाटमाथा, घरी ठीक आहे. कॉलेजच्या वायफायला लॉगिन पान असतं, तिथे तो प्लग जोडलाच जात नाही. शिवाय हे मशीन पूर्ण भारावर असताना दोन कार्डं ९०० वॉट आणि सीपीयू २८० वॉट खातात. बाजारातला स्वस्तातला प्लग यासाठी मी तरी वापरणार नाही.

रेणूवेडी, तुझं टेलस्केल त्याच मशीनवर चालतं ना? म्हणजे मशीन झोपलं की वाटही झोपली. आजारी माणसालाच डॉक्टरला आणायला पाठवण्यातला प्रकार. एसएसएच कामाला येतं ते लिनक्स उभं राहिल्यावर. त्याआधीचं काहीही, म्हणजे बायॉस (मदरबोर्डची सेटिंग्ज), ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम), डिस्कचा पासवर्ड, तुला रत्नागिरीहून दिसणार नाही.

तुझे जीपीयू गेले ते बहुतेक सिक्युअर बूटमुळे, म्हणजे मंजूर सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणाऱ्या सोयीमुळे. ड्रायव्हर मशीनवरच कंपाइल झाला की त्याच्या डिजिटल सहीची किल्ली मंजूर करावी लागते, आणि ती विचारणा रीबूटनंतर निळ्या पडद्यावर येते. दहा सेकंदांत कुणी कळ दाबली नाही की मशीन मुकाट पुढे जातं, ड्रायव्हर लोड होत नाही. ती कळ एसएसएचवरून दाबता येत नाही. त्यापेक्षा उबुंटूने आधीच सही केलेली एनव्हिडियाची ड्रायव्हर मॉड्यूल्स घे, हा पडदा येतच नाही. आपोआप होणाऱ्या अपडेटमधून एनव्हिडिया वगळ. चालू जॉबच्या मध्ये ड्रायव्हर आणि लायब्ररीच्या आवृत्त्या जुळेनाशा झाल्या की कार्डांची स्थिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय कमांडसुद्धा बोलत नाही.

वेक ऑन लॅनवर फार भिस्त ठेवू नकोस. ते पॅकेट साधारणपणे राउटर ओलांडत नाही, म्हणून त्याच नेटवर्कवर दुसरं कुणीतरी जागं लागतं. आणि बंद मशीन उठवता येतं, अडकलेलं नाही. वीज गेल्यावर बऱ्याच बोर्डांवर तेही चालत नाही. दिवाळीसारखा प्रकार टाळायला बायॉसमध्ये "वीज परतल्यावर चालू हो" ही सेटिंग कर. जाण्याआधी, कारण तीही एसएसएचवरून दिसत नाही.

बोर्डच्या मॅन्युअलमध्ये बीएमसी, म्हणजे मशीन लांबून सांभाळायची वेगळी चिप, शोध. थ्रेडरिपर प्रोच्या काही बोर्डांवर ती चिप असते. मशीन बंद असतानाही ती स्टँडबाय विजेवर जागी राहते. पडदा दाखवते, बटण दाबते. फक्त ती थेट इंटरनेटवर उघडू नकोस. बीएमसीशी बोलायच्या आयपीएमआय २.० या प्रोटोकॉलमध्ये लॉगिन होण्याआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येऊ शकतो) विचारणाऱ्याच्या हातात पडतो. लॅबमध्ये एक रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त कॉम्प्युटर) ठेव, टेलस्केल त्याच्यावर, आणि पायवरून बीएमसीकडे जा. बीएमसी नसेल तर पाय-केव्हीएम, म्हणजे मशीनचा पडदा आणि कीबोर्ड लांबून देणारं उपकरण. त्याची तार मदरबोर्डच्या पॉवर बटणाच्या पिनांना जोडून घे.

एवढं करूनही कार्ड पीसीआय बसवरून निखळलं, म्हणजे लॉगमध्ये एक्सआयडी ७९ दिसला, तर साधं रीबूट बहुतेकदा पुरत नाही, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. बीएमसी तेवढं करते. कनेक्टर सैल असेल तर मात्र माणूसच लागेल.

कणेकर_कणसूर
रॅमचं राहिलं. कुणी बेहिशेबी जॉब टाकला की एसएसएच जोडलं जातं, पण प्रॉम्प्ट येत नाही. यूजर स्लाइसला (सगळ्या यूजर्सच्या कामांच्या गटाला) मेमरीमॅक्स, म्हणजे रॅमची कमाल मर्यादा, २४० जीबी लावून टाक, सिस्टीमला श्वास घ्यायला जागा राहते. नेटवर्क सेटिंग बदलताना नेटप्लॅन ट्राय ही कमांड वापर. १२० सेकंदांत होकार दिला नाहीस तर ते आपोआप मागे येतं.

रेणूवेडी
बीएमसी आहे! पण त्या पोर्टला केबलच लावलेली नाही. 🙂 दोन प्रश्न. सिक्युरिटीवाले रात्री एसी बंद करतात, त्याचं काय? आणि ट्रॅजेक्टरी (सिम्युलेशनमधून निघालेल्या मोठ्या फाइल्स) घरी आणून बघायच्या तर?

रात्रपाळी
एसी तुझ्या हातात नाही, कार्डांची भूक आहे. एनव्हिडिया-एसएमआयने प्रत्येक कार्डाची मर्यादा ४५० वरून ३०० वॉटवर आण. वेग थोडा घटेल, खोली कमी तापेल. रीबूटनंतर ही मर्यादा पुसली जाते, म्हणून सुरुवातीलाच लागू होईल अशी सर्व्हिस लिही.

ट्रॅजेक्टरी आणू नकोस. १०० एमबीपीएसची लाइन अखंड मिळाली तरी एक टीबीला २२ तास. तिथेच विश्लेषण कर, बघायला टर्बोव्हीएनसी आणि व्हर्च्युअलजीएल, त्यांनी तिथला थ्रीडी पडदा घरी दिसतो.

केबल लावशील तेव्हा पायला वेगळा छोटा यूपीएस दे. मशीनच्या यूपीएसवर नको. तो एवढ्या भाराने लवकर रिकामा होतो आणि नेमकं त्याच वेळी तुला पाय जागा हवा असतो. मजल्यावरच्या नेटवर्क स्विचला यूपीएस आहे का, तेही विचारून घे. नसेल तर हे सगळं लावूनही आत जाता येणार नाही. आणि तो स्विच ज्या कपाटात आहे त्याची किल्ली कुणाकडे असते?

रेणूवेडी
शिपाईकाकांकडेच. नंबर घेऊन ठेवलाय.