खारफुटीतला डोळ्यांना दिसणारा जीवाणू आणि आपलं पेशीकेंद्रक

भांडुपकर: पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडीकाठी फिरताना हे डोक्यात घोळत असतं. ग्वादलूप या कॅरिबियन बेटावरच्या खारफुटीत, बुडालेल्या पानांवर सापडलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू साधारण १ सेंटिमीटर लांब असतो, आणि तो एकपेशीय! त्याचा डीएनए पटलाच्या (पातळ पडद्याच्या) पिशव्यांत असतो, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मग आपलं पेशीकेंद्रक, म्हणजे आपल्या पेशीतली डीएनएची पिशवी, त्याच्यापासूनच आलं का?

सूक्ष्मजीवप्रेमी: नाही. तो जीवाणूच, त्याने पिशव्या स्वतंत्रपणे घडवल्या. आपल्या पेशींचं जवळचं नातं अ‍ॅसगार्ड आर्कियांशी; आर्किया म्हणजे जीवाणूंहून वेगळे एकपेशीय जीव, आणि अ‍ॅसगार्ड हा त्यांचा एक गट. २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्रतळाच्या गाळातल्या डीएनएवरून या गटातले लोकीआर्किया कळले, आणि आपल्या पेशींचा सांगाडा घडवणाऱ्या प्रथिनांची जनुकं त्यांच्यात निघाली! जपानी गटाने अशी एक जात प्रयोगशाळेत वाढवली, २०२० मध्ये जाहीर केली. तिला दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. एवढा धीर धरणाऱ्यांना माझा मनापासून सलाम. त्या पेशीला लांब शाखा फुटतात; अशाच शाखांत एखादा जीवाणू अडकून पुढे मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) झाला असावा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

ऐरोलीची मेघा: भांडुपकर, ओहोटीला चिखलातून येणारा कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. थायोमार्गारिटा त्यावरच जगतो. आपल्या खाडीतली बुडालेली पानंही कुणीतरी भिंगाखाली बघायला हवीत.