मदत हवी आहे : टॉर्क मॅनेजमेंट शून्य केलं, आता गिअर पडताना दणका बसतोय

ह्यूस्टनचा_बंड्या
मंडळी जरा पटकन सांगा, शनिवारी बोट ओढून न्यायची आहे. सिल्व्हराडो ५.३ (शेव्हीचा पिकअप ट्रक, ५.३ लिटर इंजिन). फुल थ्रॉटल दिला की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी क्षणभर मरगळायची आणि मग सुटायची, ते टॉर्क मॅनेजमेंटमुळे (गिअर पडताना कंप्युटर इंजिनचा जोर उतरवतो ते) होतं असं वाचलं म्हणून एचपी ट्यूनर्स, म्हणजे गाडीच्या कंप्युटरचे आकडे बदलायचं सॉफ्टवेअर, घेतलं, लॅपटॉप जोडला आणि दिसेल तो आकडा शून्य केला. मरगळ गेली, पण आता दुसरा असा बसतो की कपातला चहा थेट मांडीवर. आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उगाच वर पळतात, मग कधीतरी गिअर लागतो. कुठला आकडा किती ठेवू तेवढं सांगा, लेक्चर नको.

पानापक्कड
साल? गिअरबॉक्स कुठला? मैल किती? ऑइल कधी बदललं? नुसतं "सिल्व्हराडो ५.३" म्हणजे "पोरगा अमेरिकेत असतो" म्हटल्यासारखं झालं.

ह्यूस्टनचा_बंड्या
२००५. चार गिअरवाला ऑटोमॅटिक. १ लाख ६८ हजार मैल. ऑइल आधीच्या मालकाने बदललं असेल की. बाकी सगळं स्टॉक, कंपनीने दिलं तसं.

घाटमाथा
माझ्या व्ही-क्रॉसला (इसुझूचा पिकअप) मी पुण्यात रीमॅप मारला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचं प्रोग्रॅमिंगच बदलून घेतलं, वरंध घाटात तिसऱ्यावर चढते आता. तुम्ही पण रीमॅपच करून घ्या, हे एकेक आकडे बदलत बसण्यापेक्षा.

पानापक्कड
भाऊ तुमची डिझेल आणि मॅन्युअल, क्लच तुमच्या डाव्या पायाखाली. इथे प्रश्न ऑटोमॅटिकचा आहे.

डेन्व्हरवाला
टॉर्क टेबलांना हात लावायलाच नको होता. माझ्या २०१२ च्या गाडीत सिक्स-एल-एटी (सहा गिअरवाला ऑटोमॅटिक) आहे, त्यात गिअरबॉक्सचा कंप्युटर वेगळा, तो इंजिनच्या कंप्युटरने सांगितलेल्या टॉर्कवर लाइन प्रेशर (क्लच दाबून धरणाऱ्या ऑइलचं प्रेशर) ठरवतो. इंजिन खोटं बोललं की प्रेशर कमी पडतं आणि क्लच जळतात. तुझं नक्की तेच झालंय.

पानापक्कड
नक्की वगैरे नको. २००५ ला चार गिअर म्हणजे फोर-एल-सिक्स्टी-ई, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकच कंप्युटर, पीसीएम, चालवतो, तुझं गणित त्या गाडीला लागू नाही.
बंड्या, लेक्चर नको म्हणालास तरी एवढं वाच. पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३. ५६०० ला गिअर पडला की इंजिनला ३००० च्या आसपास यावं लागतं. ती अडीच हजाराची घसरण गिअरबॉक्समधला बँड (ड्रमला आवळणारा पट्टा) आणि क्लचच्या चकत्या घासून घासून पचवतात. पीसीएम त्या क्षणापुरतं स्पार्कचं टायमिंग मागे खेचतो म्हणजे इंजिनचा जोर उतरतो आणि पचवायला कमी लागतं. तुला जी मरगळ वाटत होती ती हीच. तू ती काढून टाकलीस, आता सगळा जोर त्या घासणाऱ्या चकत्यांवर.

सर्व्होसम्राट
एवढा पाल्हाळ कशाला, कॉर्व्हेट सर्व्हो टाक. स्वस्तात मस्त. मी तीन गाड्यांना टाकलाय, दुसरा गिअर कसा खटकन बसतो बघ.

पानापक्कड
त्याचा दुसरा खटकन बसतोच आहे, चहा सांडतोय म्हणाला ना. सर्व्हो म्हणजे बँड आवळणारा पिस्टन, तो दुसऱ्या-चौथ्या गिअरच्या (२-४) बँडवर काम करतो. याची बोंब दुसऱ्यातून तिसऱ्यात आहे, तिथे बँड सुटतो आणि ३-४ चा क्लच पकडतो. आरपीएम पळतात म्हणजे तो क्लच घसरतोय. सर्व्हो काय करणार तिथे?

सर्व्होसम्राट
माझ्या गाड्या चालतात, तुमची थिअरी तुम्हाला लखलाभ.

मायबोलीवेडा
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण टॉर्कला मराठीत "पीळ" म्हटलं तर काय बिघडतं?

घाटमाथा
गिअरबॉक्स जळला तरी पीळ जात नाही 😄

ह्यूस्टनचा_बंड्या
मजा नंतर करा हो. मग किती ठेवू??

पानापक्कड
आकडा नंतर. आधी गाडी गरम कर, इंजिन चालू, पार्कमध्ये, मग गिअरबॉक्सची डिपस्टिक काढ, टिश्यूवर टेकव, रंग आणि वास सांग. मग गाडी चालवत लॅपटॉपवर एक लॉग (आकड्यांची नोंद) घे, त्यात स्पीड, आरपीएम, टायमिंग, गिअरबॉक्सचं तापमान. स्पीड जीपीएसशी ताडून बघ.

ह्यूस्टनचा_बंड्या
केलं. टिश्यूवर लाल नाही, कोऱ्या चहासारखा डाग. वास करपलेल्या कढईसारखा. स्पीड ६० दाखवतो तेव्हा जीपीएस ६६ म्हणतो, पण तो तर टायर बदलल्यापासूनच तसा आहे.

पानापक्कड
कुठले टायर???

ह्यूस्टनचा_बंड्या
३५ इंची. लिफ्टबरोबर (गाडी उंच करून घेतली तेव्हा) टाकले गेल्या उन्हाळ्यात. टायर कुणी विचारलेच नाहीत.

पानापक्कड
"बाकी सगळं स्टॉक" कोण म्हणालं होतं? तुझे मूळचे साधारण साडेएकतीसचे असणार. एक्सलचा गिअर रेशो ३.७३ चा असेल तर ३५ वर तो ३.३६ सारखा वागतो, म्हणजे तू वर्षभर लांबचा गिअर घेऊन फिरतोयस, गिअरबॉक्सवर ताण वाढलेला आणि पीसीएमला गाडी हळू चाललीये असंच वाटतंय. त्यावर तू टॉर्क मॅनेजमेंट काढलंस.
आता क्रम असा. जुनी फाइल ठेवली असशील तर टॉर्क मॅनेजमेंट पूर्ण परत घाल, ॲब्यूज मोड तर कायमचा तसाच राहू दे, न्यूट्रलमध्ये रेस देऊन कुणी ड्राइव्हमध्ये टाकलं तर तोच वाचवतो. टायरची साईझ आणि एक्सल रेशो नीट भर. ऑइल आणि फिल्टर बदल. तरीही पळालं तर क्लच गेला, मग कुठलाच आकडा उपयोगाचा नाही. नाही पळालं तर अपशिफ्टचं (वरचा गिअर पडतानाचं) टॉर्क मॅनेजमेंट तेवढं थोडं थोडं कमी कर, प्रत्येक वेळी लॉग घेऊन, आणि दोन-चार टक्के प्रेशर वाढव. बोट ओढू नकोस.

डेन्व्हरवाला
म्हणजे शेवटी टेबलांना हात लावायला नको होता हेच ना.

पानापक्कड
हो बाबा, तू जिंकलास.

ह्यूस्टनचा_बंड्या
जुनी फाइल होती, देवाची कृपा. परत घातली, टायर भरले. हलक्या पायाने आता नीट पडतो तिसरा, जोरात दिला की अजून जरासा पळतो. ऑइल काढलं तर पॅनच्या लोहचुंबकावर करडा गाळ आणि तळाशी काळी चकचकीत भुकटी, चमचाभर तरी. बायको म्हणाली हे काय, काजळ? बोट मेहुण्याच्या ट्रकला लावतोय शनिवारी. रीबिल्डला इथल्या एका गॅरेजवाल्याने आकडा सांगितला तो लिहीत नाही, बायको इथे वाचते.

सर्व्होसम्राट
रीबिल्ड करतोयस तर सर्व्हो टाकूनच घे.

घाटमाथा
३५ चे टायर काढणार असशील तर त्यांचं काय करणार? भारतात येणारं कुणी कंटेनर भरत असेल तर मला सांगा.