मदत हवी आहे : डॉक्टरांची संख्या आणि रुग्णांचे मत यांचा संबंध कसा तपासावा?

नमस्कार. सार्वजनिक आरोग्याच्या प्रबंधासाठी मी रुग्णांची प्रश्नावली तयार करत आहे. एखाद्या भागात लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर जास्त असले, तर तिथल्या रुग्णांना मिळणारी सेवाही अधिक चांगली वाटते का, हे मला पाहायचे आहे.

आजवरच्या वाचनातून सरळ उत्तर मिळत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दर लाख लोकसंख्येमागे प्राथमिक उपचार करणारे १० डॉक्टर वाढणे आणि सरासरी आयुर्मान सुमारे ५१ दिवसांनी वाढणे, यांत संबंध आढळला. मात्र तिथल्याच ज्येष्ठ नागरिकांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, डॉक्टर भरपूर असलेल्या आणि कमी असलेल्या भागांतील रुग्णांच्या मतांत फारसा फरक दिसला नव्हता.

माझी खरी अडचण ‘आपण समाधानी आहात का?’ या प्रश्नाची आहे. चाचणीदाखल भरून घेतलेल्या अर्जांत एका आजींनी ‘पूर्ण समाधानी’ या पर्यायावर खूण केली; पण नवी गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे विचारल्यावर त्यांना सांगता आले नाही, आणि ‘डॉक्टर भले आहेत हो, त्यांना वेळ कुठे असतो’ असे त्या म्हणाल्या. हे उत्तर सेवेविषयीचे मानायचे, की कृतज्ञतेपोटी आणि कमी अपेक्षेमुळे आलेले? मला दुसरी शक्यता अधिक वाटते. म्हणून भेट मिळायला किती दिवस लागले, दर वेळी तेच डॉक्टर भेटतात का, उपचार समजावून सांगितले का, असे अनुभवाचे प्रश्न घालावेत असा माझा विचार आहे.

डॉक्टरांची संख्या कशी मोजावी, हाही पेच आहे. नोंदणीपुस्तकातील नावांत निवृत्त झालेले, स्थलांतर केलेले आणि आठवड्यातून दोनच दिवस बसणारेही असतात. शिवाय ६७ देशांच्या २०१७ मधील एका आढाव्यात एका रुग्णतपासणीचा सरासरी वेळ ४८ सेकंदांपासून साडेबावीस मिनिटांपर्यंत आढळला होता, तेव्हा नुसत्या डोक्यांच्या मोजणीवर मी किती विसंबावे? त्यातच अनेक रुग्ण आपला भाग सोडून शेजारच्या भागात उपचार घेतात.

अशी पाहणी केलेल्यांनी कृपया सांगावे : रुग्ण जिथे राहतो तो भाग धरावा की जिथे उपचार घेतो तो? आणि वय, शिक्षण व आजाराची तीव्रता यांच्या जोडीने रुग्णाची आधीची अपेक्षा मोजण्यासाठी आपण कोणते प्रश्न वापरले? प्रश्नांचे नेमके शब्द मिळाले तर फार उपयोग होईल.