अनुभव धागा: 'थिएटर ऑफ ब्लड' – तुम्ही कुणाच्या बाजूने होतात?

१९७३ चा ब्रिटिश चित्रपट, दिग्दर्शक डग्लस हिकॉक्स. एडवर्ड लायनहार्ट (व्हिन्सेंट प्राइस) हा शेक्सपिअरची नाटकं करणारा नट. समीक्षक त्याची सालटी काढतात, आपल्या हक्काचं वाटणारं पारितोषिकही त्याला मिळत नाही. तो त्यांच्यादेखत थेम्समध्ये उडी घेतो. मेला असं सगळे धरून चालतात. पण नदीकाठचे बेघर लोक त्याला वाचवतात. मग एकेका समीक्षकाचा खून शेक्सपिअरच्या एकेका नाटकाबरहुकूम होऊ लागतो. पाहताना तुम्हाला काय वाटलं, मनापासून लिहा. शेवट फोडला तरी चालेल.

—

मी नटाच्या बाजूने. हौशी रंगभूमीवर काम करते. एका परीक्षणात 'बाकीचे कलाकार ठीक' एवढंच छापून आलं होतं, त्या 'बाकीच्यां'त मी. ती ओळ अजून पाठ आहे. उडी घेण्याआधी लायनहार्ट समीक्षकांपुढे हॅम्लेटचं स्वगत म्हणतो ना, तिथे माझा घसा दाटून आला. जीव तोडून म्हणतोय आणि समोर एकाचाही चेहरा हलत नाही!

—

मी निम्म्यापर्यंत त्याच्याच बाजूने होतो. मग 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा खून आला. मूळ नाटकात सावकार शायलॉकला कर्जापोटी मागितलेला मांसाचा तुकडा मिळतच नाही. लायनहार्ट मात्र तो कापून घेतोच. ज्या नाटककारावर उभा जन्म काढला, त्याचीच संहिता सुडापायी बदलली. तिथे तो माझ्या मनातून उतरला.

—

कुत्र्यांचा प्रसंग मला सोसला नाही. 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये आईला तिच्या मुलांचं मांस वाढतात, इथे समीक्षक झालेल्या रॉबर्ट मॉर्लेला त्याचे लाडके पूडल. तो चवीने घास घेत होता, मी उठून गेले.

—

लायनहार्टच्या मुलीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? डायना रिगने काय काम केलंय! बापाचा सूड तडीस न्यायला ती मिशा लावून वावरते, आणि शेवटी त्याच पारितोषिकाचा घाव डोक्यात बसून मरते. ज्या वस्तूसाठी एवढं रक्त सांडलं, तिनेच लेक नेली. जळत्या नाट्यगृहाच्या छपरावर तिला हातांवर घेऊन तो 'किंग लिअर'मधले संवाद म्हणतो, ते मला अजिबात भडक वाटले नाहीत.

—

मी परीक्षणं लिहितो, म्हणून शेवटपर्यंत वाचलेल्या समीक्षक डेव्हलिनच्या बाजूने. डोळ्यांच्या दिशेने तापलेले सुरे सरकत असतानाही तो मत बदलत नाही. नट आगीत कोसळल्यावर पुन्हा त्याच्या अभिनयाचं परीक्षण करतो: अतिरेक नेहमीचाच, एक्झिट मात्र जमली. अनेकांना हे निर्दयी वाटतं. मला वाटतं, लायनहार्टला आयुष्यात मिळालेली ती एकमेव प्रामाणिक दाद होती.